ग्रीन्सबरोचं काउंटर कशानं उघडलं? अहिंसेनं की गल्ल्यानं?

दूरदेशी | १ फेब्रुवारी, रात्री ८:१०

१९६० साली आजच्याच तारखेला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावात एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन आणि जोसेफ मॅकनील हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ्स या साखळी दुकानात शिरले. टूथपेस्टसारखी किरकोळ खरेदी केली, पावत्या खिशात टाकल्या आणि खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. ते काउंटर फक्त गोऱ्यांसाठी होतं. कॉफी आली नाही, पोरंही उठली नाहीत. दुकान बंद झालं तेव्हा घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस जण घेऊन परत आली. तिसऱ्या दिवशी साठाच्या वर, चौथ्या दिवशी तीनशेच्या आसपास. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण दक्षिणेतल्या राज्याराज्यांत पोचलं.

मी त्याच राज्यात राहतो. इथे फेब्रुवारीत शाळांतून, टीव्हीवर या चौघांच्या धैर्याची आणि अहिंसेची आठवण काढतात. धैर्याबद्दल प्रश्नच नाही. पण 'अहिंसेनं गोऱ्यांचं मन जिंकलं' हे मला पटत नाही. काउंटर उघडलं २५ जुलैला, म्हणजे जवळपास सहा महिन्यांनी आणि दुकानाचं सुमारे २ लाख डॉलरचं नुकसान झाल्यावर. मन इतकं हळू पाघळतं का? माझं मत: काम गल्ल्यानं केलं. तुम्हाला काय वाटतं?

टिवल्याबावल्या | १ फेब्रुवारी, रात्री ८:२४

पहिला! (वाचून सावकाश लिहितो.)

मास्तर_५२ | १ फेब्रुवारी, रात्री ९:०२

दूरदेशी, प्रश्न चांगला, पण मांडणी 'हे की ते' अशी केलीत तिथे घोळ आहे. गल्ल्याला फटका बसला तो कशामुळे? त्या पोरांनी तिथे मारामारी केली असती तर पोलिसांनी तासाभरात आत टाकलं असतं, दुकान संध्याकाळी पुन्हा सुरू. ती नुसती बसली. नीट कपडे घालून, पुस्तकं उघडून, 'मॅडम', 'सर' म्हणत. त्यामुळे मालकाची पंचाईत झाली. हाकलावं तर बोभाटा, बसू द्यावं तर खुर्च्या अडलेल्या.

आणि पावतीचा मुद्दा ओझरता सांगितलात, खरी गंमत तिथे आहे. एकाच छपराखाली, एकाच मालकाचं दुकान. या काउंटरवर माझे पैसे चालतात आणि चार पावलांवरच्या त्या काउंटरवर चालत नाहीत, हे कसं? मॅकेननं पावती दाखवून नेमकं हेच विचारलं होतं. उत्तर एकच, 'इथली पद्धत आहे'. वूलवर्थ्सच्या न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीचं धोरणही तेच, त्या त्या गावच्या रिवाजाप्रमाणे चालावं.

रानवारा | १ फेब्रुवारी, रात्री ९:४०

एक भर. या चौघांचा म्हणून काउंटरवर बसलेला जो फोटो सगळीकडे फिरतो, तो दुसऱ्या दिवशीचा आहे. त्यात मॅकनील आणि मॅकेन आहेत, पण बाकीचे दोघे बिली स्मिथ आणि क्लॅरेन्स हेंडरसन. पहिल्या दिवशीचा जो फोटो आहे त्यात चौघे दुकानाबाहेर रस्त्यानं चालताना दिसतात.

त्या पहिल्या दिवसाबद्दल मॅकेन पुढे एक आठवण सांगत असे. काउंटरमागे काम करणारी एक कृष्णवर्णीय बाई त्यांच्यावरच डाफरली, तुमच्यासारख्यांमुळे आपलं नाव खराब होतं म्हणून. आणि पलीकडे बसलेली एक म्हातारी गोरी बाई, जिच्याकडून शिव्यांची अपेक्षा होती, ती उठताना यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली की अभिमान वाटतो, हे दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतंत.

वऱ्हाडी_ठेचा | १ फेब्रुवारी, रात्री १०:१५

नागपूरचं नाव घेतल्याबिगर हा धागा पुढे जाते काय भाऊ?

मस्करी नाही. जेम्स लॉसन हे नाव इथे अजून कुणी घेतलं नाही. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिला म्हणून हा माणूस अमेरिकेत वर्षभराहून जास्त तुरुंगात होता. सुटल्यावर मेथडिस्ट मिशनरी म्हणून १९५३ मध्ये आमच्या नागपुरात आला, थेट हिस्लॉप कॉलेजात. पोरांना खेळ शिकवायचा आणि उरलेल्या वेळात गांधींसोबत काम केलेल्या लोकांना भेटायचा, सत्याग्रहाचा अभ्यास करायचा. माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध टाकलेल्या बहिष्काराची बातमी त्यानं नागपुरातच पेपरात वाचली. १९५६ मध्ये परत गेला. पुढच्या वर्षी ओबर्लिन कॉलेजात मार्टिन ल्यूथर किंगशी गाठ पडली आणि किंगनं सांगितलं, शिक्षण-बिक्षण राहू दे, आत्ताच दक्षिणेत ये.

तो गेला नॅशव्हिलला. व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्राला नाव घातलं आणि चर्चच्या तळघरात पोरांची शिबिरं सुरू केली. डायेन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेत, सगळी मंडळी तिथली. त्या शिबिरांत अर्ध्या पोरांनी गुंड व्हायचं आणि अर्ध्यांनी सत्याग्रही. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, केस ओढायचे, खुर्चीवरून खाली पाडायचं. ज्याचा हात उचलला गेला त्याला बसायला पाठवायचं नाही. हे ग्रीन्सबरोच्या आधीपासून चाललं होतं. १९५९ च्या शेवटी नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांत त्यांनी चाचपणीसुद्धा करून पाहिली होती, बसायचं, नकार ऐकायचा, उठायचं. म्हणून १३ फेब्रुवारीला ते उतरले ते थेट शंभराच्या वर.

तेव्हा दूरदेशी भाऊ, अहिंसा म्हणजे मन जिंकायची गोष्ट नव्हती फक्त. कवायत होती.

चिंगी | १ फेब्रुवारी, रात्री १०:३१

हिस्लॉपमध्ये तीन वर्षं काढली, हे कुणी सांगितलं नाही कधी! कँटीनमधल्या समोश्याचा इतिहास मात्र तोंडपाठ आहे.

टिवल्याबावल्या | १ फेब्रुवारी, रात्री १०:३८

@चिंगी, समोश्यासाठी कोणी बसून राहत होतं का तासन् तास? :P

@वऱ्हाडी_ठेचा, एक शंका. शिबिरात मित्रानं कानफटात मारणं वेगळं. बाहेर खरा गुंड आला की माणसाचं डोकं फिरणारच ना? मला तर रांगेत कुणी मध्ये घुसलं तरी राहवत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १ फेब्रुवारी, रात्री ११:०५

२७ फेब्रुवारी १९६०, शनिवार. नॅशव्हिलमध्ये गोऱ्या पोरांच्या टोळ्यांनी काउंटरवरच्या विद्यार्थ्यांना खेचून पाडलं, मारलं, अंगावर सिगारेटी विझवल्या. पोलीस आले आणि मार खाणाऱ्यांना धरून घेऊन गेले. ८१ अटका, मारणारे मोकळे. एक तुकडी पकडली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसायची, ती नेली की तिसरी. कोर्टानं ५० डॉलर दंड केला, बऱ्याच जणांनी तो भरायला नकार दिला आणि तुरुंग पत्करला. व्हँडरबिल्टनं लॉसनला काढून टाकलं. (२००६ मध्ये त्याच विद्यापीठानं त्याला सन्मानानं प्राध्यापक म्हणून बोलावलं. २०२४ च्या जूनमध्ये तो ९५ व्या वर्षी गेला.)

जॉन लुईसच्या पुढाकारानं नियमांचा एक कागद पोरांना वाटला होता. मारलं तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्यानं हसू नका. दुकानातल्या माणसांशी गप्पा मारत बसू नका. दारं अडवू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण लक्षात ठेवा.

बोरकर_काकू | २ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

"मोठ्यानं हसू नका" हा नियम वाचून वाटलं, आमच्या भिशीतली एकसुद्धा टिकली नसती.

पण मुद्द्याचं बोलते. काल रात्रभर तुम्ही पुरुषमंडळी चार मुलं, चार मुलं करताय. ग्रीन्सबरोतच बेनेट कॉलेज आहे, मुलींचं. त्या मुली पहिल्या आठवड्यापासून काउंटरवर होत्या. १९५८ मध्ये ओक्लाहोमा सिटीत क्लारा लुपर नावाच्या इतिहासाच्या शिक्षिकेनं तेरा मुलामुलींना घेऊन कॅट्झ ड्रगस्टोअरमध्ये हेच केलं, ग्रीन्सबरोच्या दीड वर्ष आधी. त्यात सात-आठ वर्षांची लेकरंही होती. त्याच वर्षी विचिटातही झालं. आणि त्याही आधी, १९४३ मध्ये, वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या पॉली मरेनं विद्यार्थ्यांसोबत जवळच्या एका उपाहारगृहात ठाण मांडलं होतं, आणि ते उघडलंही होतं. युद्ध चालू होतं, पुरुष लढाईवर गेलेले, म्हणून पुष्कळशा मुलीच होत्या त्यात.

विद्यार्थ्यांची पुढे जी संघटना झाली, एसएनसीसी, ती उभी राहिली एला बेकर यांनी एप्रिल १९६० मध्ये रॅलीच्या शॉ विद्यापीठात बोलावलेल्या बैठकीतून. मोठ्या पुढाऱ्यांच्या पंखाखाली जाऊ नका, तुमचं तुम्ही चालवा, असं त्यांनीच पोरांना सांगितलं.

रानवारा | २ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

काकू, +१. मरेचा गांधींशी परिचय झाला तोही पुस्तकातून. दांडीयात्रेत असलेले कृष्णलाल श्रीधराणी पुढे अमेरिकेत शिकायला गेले आणि १९३९ मध्ये त्यांनी सत्याग्रहाच्या तंत्रावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९४२ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या कोअर या नागरी हक्कांच्या संघटनेनं तर त्याचा हाताशी ठेवायच्या मार्गदर्शिकेसारखा उपयोग केला. तेव्हा नागपूरच्या आधी गुजरातलाही थोडं श्रेय द्या हो ठेचाभाऊ.

वऱ्हाडी_ठेचा | २ फेब्रुवारी, सकाळी ८:२२

देतो. ढोकळ्यासोबत.

सम्यक_वाट | २ फेब्रुवारी, सकाळी १०:४७

सगळं श्रेय गांधींना देऊन झालं असेल तर एक विचारू? मराठी संस्थळावर सार्वजनिक ठिकाणच्या बंदीविरुद्धच्या अहिंसक लढ्याची चर्चा चालू आहे, तीसेक प्रतिसाद होत आले, आणि महाड कुणालाच आठवलं नाही? २० मार्च १९२७. बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, पाणी प्यायली. नंतर सवर्णांच्या जमावानं लोकांना गाठून मारलं. आपल्या लोकांची संख्या, ताकद कमी नव्हती, तरी बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. हे ग्रीन्सबरोच्या तेहतीस वर्षं आधीचं आहे.

मास्तर_५२ | २ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

सम्यक, तुमचा मुद्दा योग्य आहे. (तीसेक नाही, अकरावा प्रतिसाद तुमचा. पण ते असो.) तुलना करायचीच तर फरकही मांडू या.

महाडला कागद बाजूनं होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा १९२३ चा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात झालेला, महाड नगरपालिकेनंही तळं खुलं असल्याचा ठराव केलेला. अडवत होता तो समाज. नंतर प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या बाजूनं लागला. ग्रीन्सबरोला मात्र विद्यार्थ्यांच्या हातात कागद नव्हता. उलट मालकच पोलिसांना बोलावून 'माझ्या जागेत घुसखोरी' म्हणू शकत होता. तळं नगरपालिकेचं होतं, काउंटर खाजगी कंपनीचं. म्हणून तिथे प्रश्न वेगळा पडतो: दुकान रस्त्यावर उघडून सगळ्यांना या म्हटल्यावर ते किती खाजगी राहतं?

सम्यक_वाट | २ फेब्रुवारी, सकाळी ११:५२

बरोबर. म्हणूनच आपल्या घटनेच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्याबरोबर दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं हे शब्द आहेत. खाजगी मालकालाही सूट नाही. अमेरिकेला तिथवर यायला १९६४ उजाडलं. अंमलबजावणीचं विचाराल तर आपणही फार छाती फुगवू नये. गावातल्या चहाच्या टपरीवर वेगळा कप ठेवणारे लोक काही घटना वाचून कप फोडायला गेले नाहीत.

दूरदेशी | २ फेब्रुवारी, दुपारी १:०५

चर्चा मस्त चालली आहे, पण माझ्या प्रश्नाला सगळे वळसा घालून जाताय. नॅशव्हिलचंच घ्या. शिबिरं झाली, मार खाल्ला, तुरुंग झाला. तरी काउंटर उघडली कधी? १० मे. मधल्या काळात काय झालं? ईस्टरच्या तोंडावर, म्हणजे ऐन खरेदीच्या हंगामात, कृष्णवर्णीय कुटुंबांनी शहरातल्या मोठ्या दुकानांतली खरेदी थांबवली. दंग्याच्या धास्तीनं गोरी गिऱ्हाइकंही फिरकेनात. म्हणजे पुन्हा गल्लाच ना?

वऱ्हाडी_ठेचा | २ फेब्रुवारी, दुपारी २:३६

मधल्या काळात अजून एक झालं. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकलं. नवरा-बायको वाचले. त्याच दिवशी हजारो लोक सिटी हॉलकडे चालत गेले. घोषणा नाहीत, तोंडातून शब्द नाही. पायऱ्यांवर बावीस वर्षांच्या (अजून पूर्ण झाली नव्हती बहुतेक) डायेन नॅशनं महापौर बेन वेस्टना सगळ्यांदेखत विचारलं, केवळ वर्णावरून भेद करणं तुम्हाला माणूस म्हणून योग्य वाटतं का? ते म्हणाले, नाही वाटत. मग काउंटर खुली व्हावीत का? हो. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच.

आता मला सांगा, हे गल्ल्यात मोजायचं कसं?

साधा_माणूस | २ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

महापौरांना निवडणुकीचा गल्ला असतो.

कज्जेदलाल | २ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

वकिलीचा पेशा आहे, म्हणून कायद्याची बाजू सांगतो. कंटाळवाणी वाटली तर पुढच्या प्रतिसादाकडे वळा.

अमेरिकेत १८७५ सालीच हॉटेलं, नाटकगृहं वगैरेंत भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला होता. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. घटनेची बंदी सरकारवर आहे, खाजगी मालकावर नाही, असं कारण. (तेच हिस्लॉपच्या स्थापनेचं साल. चिंगी, समोश्याखाली टीप म्हणून लिहून ठेव.) पुढची ऐंशी वर्षं हा निकाल मालकांच्या ढालीसारखा राहिला.

१९६० नंतर या विद्यार्थ्यांचे खटले वर जाऊ लागले. न्यायालयानं अनेक शिक्षा रद्द केल्या, पण दर वेळी काहीतरी छोटं कारण शोधून. इथे शांतताभंगाचा पुरावा नाही, तिथे नगरपालिकेचाच भेदभावाचा नियम आहे. मूळ प्रश्नाला हात घातला नाही. शेवटचा मोठा खटला बाल्टिमोरचा. १२ विद्यार्थ्यांनी १९६० मध्ये एका रेस्टॉरंटमध्ये ठाण मांडलं होतं, त्यातला रॉबर्ट बेल सोळा वर्षांचा. २२ जून १९६४ ला त्यातही न्यायालयानं बगलच दिली. दहा दिवसांनी, २ जुलैला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात हॉटेलं, खानावळी, पेट्रोल पंप, थिएटरं आली. आणि डिसेंबरमध्ये तेच न्यायालय म्हणालं, कायदा झाला आहे, तेव्हा शांतपणे बसल्याबद्दलचे पडून असलेले जुने खटलेही संपले.

तो सोळा वर्षांचा रॉबर्ट बेल पुढे मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला.

टिवल्याबावल्या | २ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४५

हे सिनेमात दाखवलं असतं तर 'काहीही हं' म्हटलं असतं.

चिंगी | २ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०३

लिहून ठेवलं, दलालकाका. एक प्रश्न. कायदा झाला म्हणून सगळे मालक गुमान ऐकले?

कज्जेदलाल | २ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

छे. अटलांटातल्या लेस्टर मॅडॉक्सची फ्राइड चिकनची खानावळ होती. कायदा झाल्यावर तीन कृष्णवर्णीय विद्यार्थी आले तर यानं पिस्तूल दाखवून पिटाळलं, याची गिऱ्हाइकं कुदळीचे दांडे घेऊन मागे उभी. कोर्टानं तंबी दिली तेव्हा खानावळ बंद केली, पण त्यांना वाढलं नाही. आणि १९६७ मध्ये तो जॉर्जियाचा गव्हर्नर झाला.

म्हणून दूरदेशी, तुमच्या गल्ल्याच्या सिद्धांताला हे गृहस्थ बसत नाहीत. सगळेच व्यापारी हिशेबी नसतात.

दूरदेशी | २ फेब्रुवारी, रात्री ८:१८

मॅडॉक्स हा एकट्याच्या मालकीचा. वूलवर्थ्सची देशभर दुकानं होती आणि उत्तरेतल्या शहरांत त्यांच्यासमोर विद्यार्थी फलक घेऊन उभे राहत होते, तिथली गिऱ्हाइकं तुटायला लागली. साखळी दुकानाची मान तिथे सापडते. ग्रीन्सबरोच्या पोरांनी वूलवर्थ्स निवडलं ते उगीच नाही.

बोरकर_काकू | २ फेब्रुवारी, रात्री ९:००

मान सापडली तरी ती धरून कोण बसलं होतं, सहा महिने? कॉलेजला सुट्टी लागल्यावर मोठी मुलं आपापल्या गावी गेली, तेव्हा ग्रीन्सबरोत डडली हायस्कूलच्या पोरांनी दुकानांसमोरचं काम चालू ठेवलं. २५ जुलैला पहिल्यांदा तिथे बसून जेवले ते कोण, माहीत आहे? वूलवर्थ्सचेच कृष्णवर्णीय कर्मचारी. वार्ताहर नाहीत अशी वेळ बघून व्यवस्थापकानं त्यांनाच बसवलं. जिनिव्हा टिस्डेल त्यातल्या एक, त्याच काउंटरमागे काम करत होत्या.

आणि ज्यांनी सुरुवात केली त्यांची किंमत कोणी मोजली? डेव्हिड रिचमंडवर गावात 'उपद्रवी' असा शिक्का बसला, धड नोकरी मिळेना. पन्नाशीही गाठली नाही, १९९० मध्ये गेला. गल्ल्याचा हिशेब मांडताना हेही लिहा.

रानवारा | २ फेब्रुवारी, रात्री ९:४४

काकू, अगदी. शिवाय सगळीकडे सहा महिन्यांत निकाल लागला नाही. मिसिसिपीत जॅक्सनच्या वूलवर्थ्समध्ये २८ मे १९६३ ला टूगालू कॉलेजचे विद्यार्थी आणि प्राध्यापक बसले होते. तीन तास जमावानं डोक्यावर केचप, मोहरी, साखर ओतली, एकाला खाली पाडून तुडवलं. व्यवस्थापकानं बोलावलं नाही म्हणून पोलीस दाराबाहेर थांबले. ॲन मूडी, जोन ट्रंपॉवर आणि जॉन सॉल्टर यांचा तो फोटो पाहिला असेल तुम्ही. पंधरा दिवसांत तिथले पुढारी मेडगर एव्हर्स यांना घराच्या दारात गोळी घातली. तिथे ना मन वितळलं ना दुकान. कायदाच यावा लागला.

मास्तर_५२ | २ फेब्रुवारी, रात्री १०:२०

आणि रॉक हिलची मुलं राहिली. साउथ कॅरोलिना, जानेवारी १९६१. तीही काउंटरवर बसली म्हणून पकडलेली. दंड शंभर डॉलर किंवा तीस दिवस सक्तमजुरी. दंड आणि जामीन भरून भरून चळवळीचे पैसे संपत होते, आणि दंडाचा पैसा जात होता त्याच व्यवस्थेच्या खिशात. नऊ जणांनी सांगितलं, आम्ही मजुरी करतो, आम्हाला पोसा. दूरदेशी, यात तुमचा गल्लाही आला आणि माझी अहिंसाही. २०१५ मध्ये कोर्टानं त्यांच्या शिक्षा रद्द केल्या, म्हातारपणी.

दूरदेशी | २ फेब्रुवारी, रात्री १०:५५

मास्तर, एवढं मान्य: नुसत्या बहिष्कारानं हे झालं नसतं, कारण बहिष्कार टाकायला कारण लागतं आणि ते कारण खुर्चीवर बसलेल्या पोरांनी रोज पुरवलं. पण मन जिंकल्याची गोष्ट मात्र मी अजूनही घेत नाही. महापौर वेस्ट आणि ती खांद्यावर हात ठेवणारी बाई ही मला अपवाद वाटतात.

वऱ्हाडी_ठेचा | २ फेब्रुवारी, रात्री ११:१०

नको घेऊ. लॉसनलाही गुंडाचं मन आज वितळेल असं वाटत नव्हतं. पण गुंड मारत असताना बघणारे असतात ना भाऊ, शंभर जण. ते उद्या कुठं खरेदीला जातील, हा तुझाच प्रश्न आहे.

कज्जेदलाल | २ फेब्रुवारी, रात्री ११:२८

झोपायच्या आधी एक. १९६४ च्या कायद्याच्या त्या दुसऱ्या प्रकरणात हॉटेल आहे, खानावळ आहे, स्टेडियम आहे. साधं किरकोळ विक्रीचं दुकान त्या यादीत नाही. टूथपेस्ट विकायला कुणाची ना नव्हतीच.